शिक्का माहेरी गेला त्याची गोष्ट

ही गोष्ट दोन हजार एकोणीसची. धान कापून झालं होतं, खळ्यांवर मळणी सुरू होती आणि लाखनीपासून आत असलेल्या त्या गावात एका प्रश्नाचा उलगडा कोणालाच होत नव्हता. खेमराजजींची नात हर्षा नागपूरला जाऊन नेमकं काय शिकते? बारावीनंतर पाच वर्षं, कायदा आणि राज्यशास्त्र एकत्र. गावातली पोरं डी.एड. करत, नाही तर पोलीसभरतीसाठी सकाळी हायवेवर धावत. असलं जोडशिक्षण कोणी ऐकलं नव्हतं. खेमराजजींनी मात्र आपल्या परीनं अर्थ लावून पानठेल्यावर सांगून टाकला होता, की एका विषयात भांडण लावायला शिकवतात आणि दुसऱ्यात तेच भांडण कोर्टात न्यायला. म्हणजे पोरीला आयुष्यभर काम कमी पडायचं नाही.

हर्षा दुसऱ्या वर्षाला होती. दिवाळीच्या सुट्टीत आली ती काम घेऊनच. दोन्ही विषयांचा मिळून एक प्रकल्प होता. आपल्या भागातली एक निवडून आलेली बाई शोधायची, तिचा एक निर्णय घ्यायचा आणि तो कायद्यानं कसा झाला नि राजकारणानं कसा झाला ते लिहायचं. डिसेंबरात दोन्ही विषयांचे शिक्षक गावी येऊन खातरजमा करणार होते. वर्गातल्या बाकीच्या मुली तालुक्याला चकरा मारत होत्या. हर्षाला उंबरठाही ओलांडायची गरज नव्हती, कारण गावची पहिली महिला सरपंच तिच्याच घरात चुलीपाशी अंबाडीची भाजी घोटत होती.

"आजी, मी तुझंच नाव देऊन आली," ती म्हणाली, आणि सुमित्राबाईंचा हात थांबला.

त्या सरपंच होत्या हे खरंच होतं. सत्त्याण्णव साली पद बाईसाठी राखीव झालं. खेमराजजी दोन दिवस तोंड पाडून बसले, तिसऱ्या दिवशी त्यांनी बायकोचा फॉर्म भरला. पुढची पाच वर्षं सही सुमित्राबाईंची आणि खुर्ची खेमराजजींची. ग्रामसेवक रजिस्टर घेऊन घरीच येत. सुमित्राबाई पदराला हात पुसून सही करत आणि ट्रंकेतला शिक्का काढून देत. शिक्का तेवढा त्यांच्या ताब्यात असे, कारण घरात कुलपाची ट्रंक एकच होती आणि तिची किल्ली त्यांच्या कमरेला. बाकी गाव खेमराजजींनाच सरपंच म्हणे. दारावरच्या पाटीवरही 'माजी सरपंच' लिहून खाली त्यांचंच नाव होतं.

आता नातीला सांगायचं काय? पाच वर्षं चहा केला, हे? पोरगी चौथीत असल्यापासून निबंधात 'माझी आजी सरपंच होती' असं लिहीत आली होती आणि सुमित्राबाईंनी ते एकदाही खोडलं नव्हतं. प्रकल्प बुडाला तर पुन्हा करता येईल, पण आपण नुसत्या सहीच्या धनी होतो हे पोरीला परक्या माणसांसमोर कळलं तर तिच्या नजरेतून उतरू, ही त्यांची खरी भीती.

खेमराजजींना कसली भीती? त्यांनी बायकोकडून सात निर्णय पाढ्यांसारखे घोकून घेतले. त्यातला शेवटचा आणि सगळ्यांत मोठा म्हणजे खालच्या टोलीतली, म्हणजे गोरगरिबांच्या वस्तीतली, सार्वजनिक विहीर. ती आधी भैय्याजींच्या अंगणासमोर मंजूर झाली होती. भैय्याजी म्हणजे गावातले मोठे कास्तकार, खेमराजजींचे जुने दोस्त. पुढे जागा बदलली आणि विहीर टोलीत गेली. हर्षानं प्रकल्पाला तीच निवडली.

ठरल्या दिवशी दोघं शिक्षक जीपनं आले. तृप्ती मॅडम कायदा शिकवत, भूपेंद्र सर राज्यशास्त्र. नागपूर सोडल्यापासून दोघांचं एकमत फक्त नाश्ता कुठं करायचा यावर झालं होतं. ओसरीवर सतरंजी टाकली. खेमराजजींनी साक्षीला भैय्याजींनाही बोलावून घेतलं होतं. प्रश्न सुमित्राबाईंना विचारला की उत्तर खेमराजजींकडून येई. शेवटी हर्षा म्हणाली, "आबाजी, साक्षीदाराच्या तोंडात शब्द घालता येत नाही. पहिल्याच वर्षी शिकवतात." खेमराजजींनी सुपारी तोंडात टाकली.

मग विहिरीचा विषय निघाला आणि त्यांना राहवलं नाही. गोरगरिबांच्या बायका दूरवर जातात हे मले पाहवत नव्हतं, मीच भैय्याजीले म्हटलं, विहीर टोलीत गेली पायजे, असं त्यांनी रंगवून सांगितलं. भैय्याजींनी मान डोलावली. मॅडमनी ग्रामपंचायतीच्या जुन्या रजिस्टरची नक्कल उलटून वाचलं, की विहीर पहिल्यांदा मंजूर झाली त्या ग्रामसभेला एकशे बारा लोक हजर होते.

सुमित्राबाईंना हसू आलं. वीस वर्षांचं दाबलेलं हसू, ते पदराआड मावेना.

"सात कप चहा झाला होता," त्या म्हणाल्या. "त्यातला एक भैय्याजीचा, बिनसाखरेचा."

मग त्यांना थांबवणं कोणाच्या हाती राहिलं नाही. कुठल्या ठरावाला किती कप झाले ते त्यांना तोंडपाठ होतं. शाळेच्या भिंतीला पाच कप. रस्त्याला नऊ, कारण ठेकेदार पोरं घेऊन आला होता. सभा झाली की रजिस्टर घरोघर फिरे आणि सह्या होत. आणि विहीर, ती यांनी नाही हलवली. शकुंतलाबाई, म्हणजे भैय्याजींच्या घरची, हळदीकुंकवात सगळ्यांदेखत म्हणाली होती, की आता सरपंचीणबाईलेही पाण्यासाठी माझ्याच दारात उभं राहा लागन. सुमित्राबाईंनी वाण घेतलं, घरी आल्या, ट्रंक उघडली, शिक्का लुगड्यात गुंडाळला आणि पहिल्या एस.टी.नं शहापूरला माहेरी गेल्या. आठ दिवस राहिल्या. शिक्क्याविना ठराव वर जाईना. ग्रामसेवक हवालदिल, खेमराजजी दोनदा न्यायला येऊन गेले. नवव्या दिवशी टोलीचं नाव घातलेला नवा ठराव शहापूरला आला, तेव्हा तो माहेरच्या माजघरात वाचून घेतला आणि त्यावर शिक्का उमटला.

"टोलीच्या बायांसाठी केलं असं मी नाही म्हणत," सुमित्राबाई म्हणाल्या. "शकुंतलेच्या दारात जायचं नव्हतं मले. हर्षा, तुझ्या कायद्यात हे चोरी होते काय? खरं सांग."

भैय्याजी छताचे वासे मोजू लागले. खेमराजजींना खोकला आला.

हर्षानं वही मिटली. "आजी, कायद्याच्या पेपरात हा गुन्हा आहे," ती म्हणाली, "आणि राज्यशास्त्राच्या पेपरात हेच नेतृत्व. आबाजीनं केलं ते दोन्ही पेपरात बसत नाही." आणि भर सभेत तिनं आजीच्या पायांवर डोकं ठेवलं.

परतीच्या वाटेवर दोघं शिक्षक नागपूरपर्यंत भांडले म्हणतात. सरांनी पन्नासपैकी सत्तेचाळीस दिले, मॅडमनी सव्वीस, आणि शेरा मारला की साक्ष उत्तम, कृत्य बेकायदेशीर.

हर्षा तेवीस साली पास झाली. आता भंडाऱ्याच्या कोर्टात असते आणि निवडणुकीच्या दिवसांत दोन्ही पक्षांचे लोक तिच्याकडं सल्ल्याला येतात, म्हणजे आजोबांचं भाकीत खरंच ठरलं. तृप्ती मॅडम आणि भूपेंद्र सर अजून त्याच कॉलेजात आहेत. त्या शिक्क्याचा खटला ते दर वर्षी नव्या वर्गासमोर नव्यानं लढतात. भैय्याजी एकवीस साली गेले. शकुंतलाबाई आता सुमित्राबाईंकडं रोज दुपारी येऊन बसतात. दोघींत त्या हळदीकुंकवाचा विषय निघत नाही, बिनसाखरेचा चहा मात्र अजून होतो. टोलीत घरोघर नळ आले. विहिरीवर जाळी बसली, तरी बायका संध्याकाळी तिच्या कट्ट्यावरच जमतात.

दारावरची पाटी खेमराजजींनी स्वतःच लाखनीहून नवी रंगवून आणली. वर 'सौ. सुमित्राबाई, माजी सरपंच', खाली बारीक अक्षरात त्यांचं नाव. आजही सुमित्राबाई शहापूरला जायला निघाल्या, की ते ओसरीवरूनच विचारतात, "पिशवीत काय काय घेऊन चालली, दाखव पाहू आधी."