धुऊन आणलेलं इंजिन

एगोन शाइबले सलग नवव्या दिवशी आमच्या शोरूममध्ये आले आणि नवव्या दिवशीही बसले नाहीत. ग्राहकांसाठी आमच्याकडे चामड्याच्या चार खुर्च्या आहेत. शाइबले त्यांच्याभोवती फिरायचे. पाचव्या दिवशी त्यांनी घरून स्वतःचा झाडू आणला आणि आमचं अंगण झाडायला घेतलं. आमच्याकडे, जर्मनीतल्या श्वाबियात, हे कुणाला विचित्र वाटत नाही. इथे प्रत्येक इमारतीत झाडायची पाळी असते आणि ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते. फक्त आमच्या दारावर पाटी नव्हती.

"लोरेन्झ," आमच्या मॅनेजर ओट्ट बाई मला म्हणाल्या, "हा माणूस काल एका गिऱ्हाइकाशी बोलत होता."

"काय म्हणाले?"

"गिऱ्हाइकाने विचारलं, ही लाल गाडी कशी आहे. हे म्हणाले, दिसायला छान आहे, इंजिनाचं चार वर्षांनी कळेल. गिऱ्हाईक गेलं. तू ती फाइल मिटव."

फाइल माझ्याकडे होती. मी सव्वीस वर्षांचा, काउंटरवर बसतो, आणि ज्यांच्या गाडीची वॉरंटी संपल्यावर इंजिन जातं त्यांच्या वतीने कंपनीला अर्ज लिहितो. याला आम्ही कुलान्त्स म्हणतो. म्हणजे हक्क संपला, आता कंपनीने मेहेरबानी करावी. हक्काला कायदा लागतो. मेहेरबानीला पुरावा लागतो, आणि तो कायद्यापेक्षा जास्त लागतो.

शाइबल्यांची गाडी म्हणजे दोन माणसांची, छत उघडणारी, गडद हिरवी स्पोर्ट्स कार. चाळीस वर्षं घड्याळाच्या कारखान्यात काम करून निवृत्तीच्या दिवशी त्यांनी ती घेतली. वॉरंटी संपून पाच महिने झाले आणि एका सकाळी इंजिन आतून कुणीतरी दार ठोठावल्यासारखं वाजायला लागलं. सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे. इंजिन बदलायचं तर येणाऱ्या खर्चात शाइबल्यांनी पहिलं घर घेतलं होतं.

त्यांच्या बायकोने, गेरलिंडेने, निर्णय आधीच दिलेला होता. तो मला फोनवर मिळाला.

"हे बघ लोरेन्झ, कंपनीने निम्म्याहून जास्त दिलं तर गाडी राहील. नाहीतर गाडी जाईल सुट्या भागांसाठी आणि गॅरेजमध्ये माझा फ्रीझर येईल. यंदा आलुबुखार इतके आलेत की मी बादल्यांत झोपतेय. फ्रीझर शुक्रवारी बारा वाजता येणार आहे. सेलमध्ये घेतलाय, परत घेत नाहीत."

म्हणजे शुक्रवारी बारापर्यंत. हे शाइबल्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि आमचं अंगण बघून सगळ्या गावाला कळलं असावं.

अडचण वेगळीच होती. इंजिन बिघडतं तेव्हा तेलात धातूची चुरी येते. ते तेल हाच पुरावा. कंपनी म्हणते, गाडी आहे तशी आणा. शाइबल्यांनी गाडी टोइंगच्या ट्रकवर चढवण्याच्या आदल्या दिवशी तेल काढलं, नवं भरलं, फिल्टर नवा बसवला आणि इंजिन ब्रशने धुतलं.

"का?" मी विचारलं होतं.

"पोरा, डॉक्टरकडे जाताना तू मळका बनियन घालून जातोस?"

"पण हेर शाइबले, डॉक्टरला रोग बघायचा असतो."

"रोग बघू दे की. बनियन कशाला बघायचा?"

पण शाइबले काहीही टाकून देत नाहीत, हे आमचं नशीब. बहुतेक तेल ते जुन्या तेलाच्या केंद्रावर देऊन आले होते. नमुना म्हणून एक बरणी मात्र तळघरात ठेवली होती.

मंगळवारी कंपनीच्या तपासनीस फ्राउ पेटरसन आल्या. त्या उत्तरेकडच्या, म्हणजे दिवसाला साधारण चाळीस शब्द. सिलिंडरमध्ये कॅमेरा घालून त्यांनी ओरखडे बघितले आणि मान हलवली. होकार की नकार, ते कळलं नाही.

"ओरखडे आहेत. कारण माहीत नाही. तेल?"

शाइबल्यांनी बरणी पुढे केली. दोन्ही हातांनी, बाप्तिस्म्याला मूल द्यावं तशी. पेटरसन बाईंनी टेबलावर पांढरा गाळणकागद अंथरला, झाकण उघडलं आणि बरणी तिरपी केली. काहीच पडलं नाही. बरणी उलटी केली. मग एक काळा गोळा सावकाश निघाला आणि कागदावर बसला.

बाई वाकल्या. वास घेतला. बोट लावलं आणि चाटलं.

"आलुबुखार," त्या म्हणाल्या. पुन्हा बोट चाटून म्हणाल्या, "दालचिनी जास्त झाली."

शाइबल्यांचा चेहरा पडला. मला वाटलं धक्क्याने. नंतर कळलं, दालचिनी त्यांनी स्वतः घातली होती.

झालं असं की बरण्या गेरलिंडेच्याच होत्या. तेल भरताना शाइबल्यांनी तिचं 'आलुबुखार' लिहिलेलं लेबल काढलं नाही, कारण चांगलं लेबल का वाया घालवावं. स्वतःची नोंद त्यांनी बुडाला चिकटवली. मुरंबा आणि तेल एकाच फळीवर, दोन्ही काळे.

"शुक्रवारी दहा वाजता मी परत इथून जाते," पेटरसन बाई हात पुसत म्हणाल्या. "तेल दाखवा. नाहीतर फाइल बंद."

बुधवारी शाइबल्यांनी तळघरातली प्रत्येक बरणी उलटी करून बघितली. ती बरणी नव्हती. गुरुवारी सकाळी ते झाडू न घेता आले. मी ताबडतोब उठून उभा राहिलो.

"गेरलिंडेने यंदाच्या दोन बरण्या पाद्री किमिशना दिल्या," ते म्हणाले.

"कधी?"

"रविवारी."

"आणि आज गुरुवार," मी म्हणालो, कारण काहीतरी म्हणायला हवं होतं. आम्ही माझ्या गाडीतून निघालो. चर्च चार मिनिटांवर आहे. शाइबले तेवढ्यात सीटबेल्ट तीनदा काढून लावून बसले.

"पाद्री सकाळी पावाला काय लावतात, माहीत आहे?" मी विचारलं.

"गप्प गाडी चालव."

किमिश साहेबांनी दार उघडलं तेव्हा ते जिवंत होते. आम्ही दोघांनी एकदमच सुस्कारा सोडला. त्यांना तो आध्यात्मिक वाटला.

"गेरलिंडेच्या बरण्या?" त्यांचा आवाज खाली गेला. "कशाला हव्यात? तिने पाठवलंय का तुम्हाला?"

"नाही. तुम्ही खाल्लीत का?"

पाद्र्यांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं, आम्हाला आत घेतलं आणि पुस्तकांच्या मागचं एक कपाट उघडलं. आत बावीस बरण्या होत्या. वर्षाला दोन, अकरा वर्षं. एकही उघडलेली नव्हती.

"मला आलुबुखार आवडत नाही," ते म्हणाले. "पहिल्या वर्षी सांगायला हवं होतं. आता फार उशीर झाला."

"मलाही आवडत नाही," शाइबले म्हणाले. दोघांनी एकमेकांकडे ज्या नजरेने बघितलं, तशी नजर मी चर्चमध्ये कधी बघितलेली नाही.

तेलाची बरणी शोधायला वेळ लागला नाही. ती हलवल्यावर आतलं हलत होतं. खिडकीपाशी धरली तेव्हा आत बारीक चमचम फिरत होती. शाइबल्यांनी बरणी उलटी केली. बुडाशी घड्याळजीच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: तारीख, किलोमीटर, 'आठवा बदल. स्वतः. चमकतंय.'

"आठवा?" मी विचारलं.

"अर्ध्या वर्षाला एक. चार वर्षं."

"पण दर वर्षी आमच्याकडे सर्व्हिस झालीय! पुस्तकात चारही शिक्के आहेत!"

"ते तुमचे. हे माझे. दोन सर्व्हिसच्या मधे वर्षभर एकाच तेलात ठेवायचं इंजिन? तू चादर वर्षभर बदलत नाहीस का?"

मी भिंतीला टेकलो. कंपनीचा नियम साधा आहे. इंजिनाला दुसऱ्याचा हात लागला की मेहेरबानी संपली. आणण्याआधी धुतलं, हे मी अर्जात 'अतिउत्साह' म्हणून लिहून निभावलं होतं. आठ वेळा म्हणजे सवय.

"हेर शाइबले, एवढा 'आठवा' आणि 'स्वतः' खरवडून टाकू. नखाने निघेल. तारीख राहू दे."

"नाही."

"अहो, उद्या दहा वाजता त्या बाई हेच वाचणार!"

"चाळीस वर्षं घड्याळं केली. आत जे केलं ते झाकणाच्या आतल्या बाजूला लिहायचं, पुढच्या माणसाला कळावं म्हणून. मी खरवडत नाही." आणि बरणी त्यांनी माझ्यापासून लांब, पाद्र्यांच्या हातात दिली. पाद्र्यांनी ती फार काळजीने धरली. उघडी असती तर कदाचित चाखलीही असती, मुरंबा नाही म्हटल्यावर.

शुक्रवारी मी नऊ वाजल्यापासून चारही खुर्च्यांवर बसून बघितलं. एकही बरी नव्हती.

पेटरसन बाई दहाला आल्या. तेल कागदावर ओतलं. काळा डाग पसरला आणि त्यात शेकडो चंदेरी ठिपके उमटले. बाईंनी बरणी उलटी केली आणि बूड वाचलं. मग परत वाचलं.

"आठवा."

"आठवा," शाइबले म्हणाले.

"स्वतः."

"स्वतः."

मी खिडकीबाहेर बघायला लागलो. अंगण स्वच्छ होतं.

"बाकीचे सात?"

"तळघरात."

"लेबलं?"

शाइबले दुखावले. "अर्थात."

बाईंनी घड्याळ बघितलं आणि किल्ली उचलली. आम्ही तिघं तळघरात पोहोचलो तेव्हा अकराला दहा मिनिटं होती. गेरलिंडे वर बादल्यांमधून वाट काढत ओरडली, "एगोन, कोण आहे? जेवायला थांबणार का?" बाईंनी नवा गाळणकागद अंथरला. एकेक बरणी त्या कागदावर ओतत गेल्या. पहिली स्वच्छ. दुसरी स्वच्छ. तिसरीत तीन-चार ठिपके. चौथीत जास्त. पाचवीत आकाश.

बाईंनी तिसरी बरणी उलटी करून तारीख वाचली आणि पहिल्यांदा शाइबल्यांकडे माणसासारखं बघितलं.

"ही वॉरंटीतली आहे. बिघाड तेव्हाच सुरू झाला."

"हो. मला वाटलं तेल चांगल्या प्रतीचं आहे. चमकतं."

"तुम्ही तेव्हा आला असतात तर सगळंच फुकटात झालं असतं."

कोपऱ्यातला झाडू घेऊन शाइबल्यांनी तळघर झाडायला घेतलं. बाई फोन घेऊन बाहेर गेल्या. मी जिन्यावर वर-खाली करत राहिलो, कारण वर गेरलिंडे घड्याळ बघत होती आणि खाली शाइबले बघत नव्हते.

साडेअकरा. पावणेबारा. रस्त्यावर एक ट्रक थांबला आणि त्यातून दोन माणसं कपाटाएवढं खोकं उतरवायला लागली.

बाई आत आल्या. "पासष्ट टक्के. सुटे भाग आणि मजुरी, दोन्ही. एक अट. यापुढे इंजिन तुम्ही उघडायचं नाही. कधीच नाही. सही करा."

शाइबल्यांनी झाडू भिंतीला सरळ टेकवला, हात धुतले, पुसले आणि सही केली. गेरलिंडेने पासष्ट हा आकडा दोनदा विचारला. मग ती ट्रकवाल्यांकडे वळली.

"आता हे कुठे ठेवायचं?"

"ऑर्डर गॅरेजची आहे, बाई," ट्रकवाला म्हणाला. "आम्ही गॅरेजमध्येच ठेवतो."

तीन आठवड्यांनी नवं इंजिन बसलं. गॅरेजमध्ये आता गाडीही आहे आणि फ्रीझरही आहे, त्यामुळे गाडीचं एकही दार उघडत नाही. शाइबले छत खाली करतात, गाडी आत घेतात आणि मागच्या बाजूने चढून उतरतात. वय सत्तरच्या पुढे आहे, पण जमतं. पाद्री किमिशना यंदा चार बरण्या मिळाल्या.

आमचं अंगण परत घाण झालं. पहिल्याच शनिवारी सकाळी आठ वाजता माझा फोन वाजला.

"लोरेन्झ, एक प्रश्न. तेल घालायचं झाकण उघडून नुसतं आत बघितलं, हात न लावता, तर ते उघडणं होतं का?"

मागे काहीतरी धातूचं हळूच फिरल्याचा आवाज आला.

"थांबा, हेर शाइबले," मी म्हणालो. "अट वाचून सांगतो. तोपर्यंत बसा."

"कुठे बसू?" ते म्हणाले.