टिंबाला अंगठा

कुसुमबाईंनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला, येसूबाईंच्या नावावर बोट दाबून धरलं आणि ‘नक्की काढायचं का’ असं फोनने विचारल्यावर दुसऱ्यांदा दाबलं. चौतिसाचे तेहेतीस झाले. शाळेत पटावरून एखादं नाव कमी करायचं तर लाल शाई लागायची, मुख्याध्यापकांची सही लागायची. इथे बोटभर जागेत माणूस पुसलं गेलं, आणि शेगडीवरच्या दुधाला अजून उकळीसुद्धा फुटली नव्हती.

कारण साधं होतं. रेणुकाची आई वारली, तिकडे गुहागरला. रेणुकाने तिथूनच वाडीतल्या बायकांच्या ग्रुपवर लिहिलं, ‘आई गेली. सकाळी सहाला.’ आणि त्या ओळीखाली सर्वांत आधी जाऊन बसला तो येसूबाईंचा अंगठा. पिवळाधमक, ताठ, ‘झकास’ म्हणणारा.

संध्याकाळी रेणुकाचा फोन आला. ती रडत नव्हती, आणि तेच कुसुमबाईंना जास्त टोचलं.

“बाई, एक तर त्या राहतील ग्रुपवर, नाहीतर मी. तुम्ही ठरवा.”

ठरवायला फारसं काही नव्हतं. रेणुका मिरजोळ्याला कंपनीत कामाला जायची. कुठला दाखला कुठे मिळतो, मुलींनी कुठल्या तारखेच्या आत अर्ज भरायचा, हे सगळं ग्रुपवर तीच सांगायची. येसूबाई सत्तरीच्या, एकट्या. मुलगा केतन मुंबईला, त्याचा जुना फोन आईकडे आलेला. वाचता येत नाही. ग्रुप कोणावाचून अडेल, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

कुसुमबाईंना मात्र ठरवलेल्या गोष्टीला पुरावा जोडायची सवय. निवृत्त झाल्या तरी हजेरी सुटली नव्हती. कोण बोलतं, कोण नुसतं वाचून गप्प बसतं, कोण कोणाच्या वाढदिवसाला केक पाठवतं आणि कोण मुद्दाम विसरतं, याची त्यांच्याकडे एक वहीच होती. शेजारणीची वाटी रिकामी परत करायची नाही, ही पावसकडची रीत फोनवरही जशीच्या तशी चढली होती. गुलाबाला गुलाब, केकला केक. रेणुकाच्या आईलासुद्धा वीस मिनिटांत तीस नमस्कार पडले होते. वाडीतल्या ज्ञानेश्वरीने तर कुठून तरी आलेली श्रद्धांजलीच ग्रुपवर ढकलली, आणि तिच्यात ‘कै. रावजी’ हे दुसऱ्याच कोणाचं नाव तसंच राहून गेलं. ते कोणाच्या डोळ्यांत खुपलं नाही. हात जोडलेले होते ना, मग झालं.

येसूबाईंचं पान वहीत वेगळं होतं. मैनाचा पाय मोडला, अंगठा. टाकीला तडा गेला, अंगठा. दोन दिवस वीज नाही, अंगठा. सातव्या क्रमांकावर कुसुमबाईंनी स्वतःच्याच खात्यातलं एक लिहून ठेवलं होतं. चुकून ग्रुपवर नुसतं एक टिंब गेलं होतं, तर त्यालाही. ‘टिंबाला अंगठा!’ पुढे उद्गारचिन्ह. पुढे कधीतरी मैनाला दाखवून दोघी पोट धरून हसल्या होत्या.

चौथ्या दिवशी सकाळी येसूबाई स्वतःच अंगणात येऊन उभ्या राहिल्या. एका हातात गऱ्यांनी भरलेलं ताट, वर केळीचं पान; दुसऱ्या हातात रुमालात गुंडाळलेला फोन.

“बाई, ह्यो जरा बगा. बिगाडला वाटता.”

“काय झालं त्याला?”

“तीन दिस झाले, कोन बोलतच न्हाय. सकाळी टुंग टुंग व्हायचा, तो बंद. केतनला इचारलं, तर तो म्हनतो आये, चार्जिंग कर. चार्जिंग भरलेला हाय.” त्यांनी फोन पुढे केला. “सदू रिक्षावाल्यालाबी दाकवला. तो बोलला, टाकून दे.”

कुसुमबाईंनी फोन घेतला. काच तडकलेली, पण पुसून लख्ख. त्यांच्या बोटांना ठाऊक होतं की यात बिघडलेलं काहीच नाही. बिघडलाय म्हणून परत द्यावा, असं एकदा मनात आलंही. पण पस्तीस वर्षं मुलांना खरं बोलायला लावलेलं. ते आड आलं.

“येसूबाई, बसा. फोन ठीक आहे. मी तुम्हाला ग्रुपमधून काढलंय.”

येसूबाई पायरीवर टेकल्या. ताट मांडीवर तसंच.

“काय चुकला माजा?”

कुसुमबाईंनी वही आणली नाही, तोंडानेच सांगितलं. अंगठा म्हणजे छान, आवडलं, असा अर्थ होतो. मैनाच्या मोडक्या पायाला तो दिला जात नाही, कोणाच्या मरणाला तर नाहीच. आवाज नकळत वर्गातला झाला होता.

येसूबाई ऐकत होत्या. मग सावकाश म्हणाल्या, “बचत गटाच्या सभेला तुमी वही फिरवता. लिवनाऱ्या सही करतात, मी अंगठा करते. करते ना?”

“हो.”

“तवा तुमी कदी बोलला न्हाय, की अंगठा म्हंजे झकास. अंगठा म्हंजे येसूबाई हजर. आली व्हती, बसली व्हती.” त्यांनी स्वतःचा अंगठा उलटा करून पाहिला, शाई कधीची गेलेली, कोकमं फोडून फोडून काळा पडलेला. “लिवलेला मला कळत न्हाय बाई. मी बाजूचे फोटू बगते. रेणुकाचा तिच्या पोरीचा फोटू, तुमची जास्वंद. फोटू दिसला की समजते, ही उठली, हिला कायतरी सांगायचा हाय. ऐकायला कोन तरी हाय, येवडा तिला कळूदे. म्हनून दाबते.”

अंगणातल्या पोफळीवरून एक सुपारी टपकन पडली. कुसुमबाईंनी तिच्याकडे पाहिलं, उचलली नाही.

येसूबाईंचा चेहरा एकदम उतरला. काहीतरी मागाहून पोचलं होतं.

“मरन बोलला तुमी. कोनाचा?”

“रेणुकाच्या आईचं. रविवारी.”

“आवस गेली तिची?” येसूबाई उठल्या. “आनि वाडीत कोन मला बोलला न्हाय?”

बोलायचं कशाला, सगळ्यांनी लिहिलं होतं. हे कुसुमबाईंच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. रेणुका आजच सकाळी गुहागरहून परत आलीय, एवढंच त्या म्हणाल्या. येसूबाईंनी ताट पायरीवर ठेवलं, पदर खोचला आणि खालच्या वाटेला लागल्या. फोन मागेच राहिला.

तो आत ठेवायला म्हणून कुसुमबाई गेल्या आणि वही उघडून बसल्या. सातवा क्रमांक. शेजारी तारीख, तारीख घातल्याशिवाय त्या काही लिहीत नसत. तिच्यावर त्यांचं बोट थांबलं.

यजमानांचे, देवदत्तांचे दिवस होऊन पाहुणे पांगले, लेक मनस्विनीही सासरी गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. सवयीने दोन कप चहा ओतला गेला होता. दुसऱ्या कपाचं काय करावं ते सुचेना, तेव्हा त्यांनी फोन घेतला. ग्रुपवर एक वाक्य लिहिलं, पुसलं. दुसरं लिहिलं, पुसलं. शेवटी पुसता पुसता टिंब तेवढं राहिलं आणि गेलं. तेहेतीस जणींनी ते पाहिलं. कोणी काही विचारलं नाही, आणि विचारणार तरी काय. दोन कपांवर साय धरली तेव्हा टिंबाखाली एक अंगठा आला होता.

कुसुमबाईंनी वही मिटली. तडकलेल्या काचेचा फोन आणि स्वतःचा फोन शेजारी शेजारी ठेवले. आपल्या फोनवर बोट दाबून तेहेतिसाचे चौतीस केले. दुसरा फोन टुंग करून वाजला. आता रेणुका ग्रुप सोडणार, आणि सोडलाच तर तिला काय सांगायचं, हे ठरवत त्या दुपारभर बसल्या. सांगण्यासारखं वाक्य जुळलं नाही. रेणुकाकडूनही काही आलं नाही, ना शब्द, ना निघून गेल्याची ओळ.

उन्हं कलल्यावर येसूबाई फोन न्यायला आल्या. डोळे सुजलेले होते.

“काय म्हणाली रेणुका?”

“काय म्हननार? बसलो दोगी.” फोन रुमालात गुंडाळत त्या पुढे म्हणाल्या, “मी तिला बोलली, अंगठा माजाच. ऱ्हाऊदे म्हनाली.”

कुसुमबाईंनी धुतलेल्या ताटात चार पिकली केळी घालून ते परत दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुसुमबाईंनी चहा ठेवला, एकच कप. पायरीवर बसून ग्रुप उघडला, एक टिंब काढलं आणि या वेळी न पुसता पाठवलं.

बघणाऱ्यांचे आकडे वाढत गेले. सात, अकरा, एकोणीस. मैनाने विचारलं, ‘बाई, चुकून पडलं का?’

टिंबाखाली अंगठा उमटला. कुसुमबाईंनी नाव पाहिलंही नाही. चहाचा घोट घेऊन पुन्हा नजर टाकली तर अंगठ्याशेजारी दोनचा आकडा होता. आता मात्र त्यांनी बोट टेकवलं. पहिलं नाव येसूबाईंचं. दुसऱ्या नावाशेजारी लहान मुलीचा फोटो.

मैनाचा प्रश्न अजून खाली तसाच होता. कुसुमबाईंनी चष्मा नीट केला आणि एकेक अक्षर शोधून उत्तर लिहिलं.

‘नाही.’