ही भाजी आहे

"मिस्त्री, आभार माना! तुमच्या फुलांची सगळी कीड साफ केली. तीही फुकटात!"

गच्चीच्या दारातच सोसायटीचे सेक्रेटरी आडवे आले. मिस्त्रींनी हातातली चाळणी खाली ठेवली आणि हवा हुंगली. बसगाड्यांची इंजिनं उघडण्यात जन्म गेलेलं नाक ते. त्याला फार वेळ लागला नाही. कीटकनाशक. अठ्ठावीस कुंड्यांतली गोल पानं ओली चकाकत होती, आणि वर ती शेपटीवाली केशरी फुलं माहेरी आलेल्या लेकींसारखी डोलत होती.

"कधी मारलंत?"

"आत्ताच, सकाळी. दुपारी सुंदर इमारत स्पर्धेचे परीक्षक येतायत. तुमच्या गच्चीवर नंबर काढतो की नाही बघा!"

"अहो, ही आम्ही खातो."

"फुलं?" सेक्रेटरी खो खो हसले. "फुलं बघायची असतात, मिस्त्री. खायला कोपऱ्यावर भाजीवाला आहे की!"

मिस्त्री चाळणी उचलून जिना उतरले. सांगणार तरी काय? गेल्या वर्षीच्या तापात बायकोच्या तोंडाची चव गेली, ती परत आलीच नाही. मीठ, साखर, लिंबू, सगळं तिला खडूसारखं. पोतं भरावं तशी ती पोट भरायची, आणि तरी दिवसेंदिवस वाळत चालली होती. रोपवाटिकेतल्या माळ्यानं एकदा सहज सांगितलं, की ही फुलं खातात, मोहरीसारखी लागतात. मिस्त्रींनी एक फूल तिच्या जिभेवर ठेवलं. तिचे डोळे भरून आले.

"अहो... झोंबलं!" इतकंच म्हणाली, पण अशी, की हरवलेलं माणूस दारात उभं राहावं.

तेव्हापासून रोज सकाळी मिस्त्री फुलं खुडायचे. शेपटीत मध असतो, तिथे मुंगी दडते. म्हणून एकेक फूल झटकून घ्यायचे. शिजवलं की तिखटपणा मरतो, म्हणून तवा उतरवल्यावरच अंड्यावर पसरायचे. ती पहिला घास घ्यायची, नाक ओढायची आणि म्हणायची, "आहे."

आज रिकामी चाळणी बघून तिनं विचारलं, "काय झालं?"

त्यांनी सांगितलं.

"धुऊन नाही चालणार?"

"पोटात जायचंय ते. मी नाही देणार तुला. नवं बी, नवी माती... दोन महिने तरी गेले."

ओट्यावरचं फडकं तिनं पिळलं, झटकलं, पुन्हा पिळलं.

"मग ती वर मिरवतायत कशाला?" ती म्हणाली. "चला."

मिस्त्री रोपं उपटून पोत्यांत भरत गेले. ती पालथ्या बादलीवर बसून पोत्यांची तोंडं बांधत गेली. विसाव्या कुंडीला सेक्रेटरी धापा टाकत वर आले.

"अहो, काय करताय! दोन तास थांबा, फक्त दोन तास! वहिनी, तुम्ही तरी समजवा यांना!"

"मीच आणलंय त्यांना वर," ती म्हणाली. "भाऊजी, उद्या तुमच्या ताटावर औषध मारते. आभार मानायला या हं."

घरातून तिनं खोक्याचा पुठ्ठा आणला. त्यावर जाड अक्षरांत लिहिलं: 'ही फुलं नाहीत. ही भाजी आहे. औषध मारू नये.' आणि तो पुठ्ठा मधल्या कुंडीत खोचला.

"पण भाजी आहे कुठे?" सेक्रेटरी जवळजवळ रडकुंडीला आले होते.

"पेरतोय," मिस्त्री म्हणाले.

दुपारी दोघं जेवायला बसली. नुसता भात, नुसतं अंडं. तिनं पहिला घास घेतला. मिस्त्रींना वर बघवेना. तेवढ्यात बेल वाजली, मग दारावर थापा.

"मिस्त्री! निदान पाटी तरी काढा हो! परीक्षक जिना चढतायत!"

मिस्त्री अर्धे उठले. तिनं त्यांचं मनगट धरून खाली बसवलं.

"आम्ही जेवतोय!" दाराकडे तोंड करून ती खणखणीत ओरडली.

मग तिनं दुसरा घास घेतला. बत्तीस वेळा चावावा तसा, सावकाश चावला, आणि तिसऱ्यासाठी भात कालवू लागली.