शेटजींचं मीठ

"पाणी बदललंस तरच मीठ घाल, नुसती भर घातलीस तर नको," दवाखान्यात भरती होताना मामंजींनी बजावलं होतं. मी मात्र माशाच्या आटलेल्या टाकीत रोज तांब्याभर पाणी ओतताना चमचाभर मीठही टाकत गेले. पाणी उडून जातं, मीठ तिथंच राहतं, हे ध्यानातच आलं नाही. ज्यांच्यासाठी मीठ होतं ते माशाच्या अंगावरचे पांढरे ठिपके गेले, पण आज त्यांचा लाडका सोनमासा, शेटजी, तळाशी आडवा पडला.

तेवढ्यात मामंजींचा फोन आला. "सूनबाई, आमचे शेटजी काय म्हणतात? माझ्यापेक्षा जाडे झाले असतील!"

"झोपलेत," मी म्हणाले.

"बरं-वाईट असेल ते खरं सांगायचं, शब्द दिलायस हं."

निम्मं पाणी काढून मी साठवणीतलं साधं पाणी भरलं. कल्ले अजून हलत होते. मग चपला घातल्या आणि दवाखान्याकडे निघाले.