खिडकीतून पाहिलेली चढाई

मित्रांनो, मी एक जुनी खिडकी आहे; पण आज मला कोणी म्हातारी म्हणून तर बघा! काल आमच्या मुलींनी मैदान मारलं आणि माझा आनंद अजून चौकटीत मावत नाही.

जुन्नरच्या महंमद हनीफ मिस्त्रींनी मला सागवानात घडवलं आणि डिंगोऱ्याच्या शाळेत बसवलं. माझ्यातून फळ्यावर उजेड पडे, म्हणून सगळे माझं कौतुक करत. हिवाळ्यात मात्र मी नकोशी होई. माळशेजकडून वारा सुटला, की शाळेत खिचडी शिजवणाऱ्या साळुबाई माझी दारं लावून फटींत चिंध्या कोंबत. त्यांची माया मला कळे, पण जीव गुदमरे.

यंदा कबड्डीची तालुक्याची अंतिम लढत आमच्याच मैदानावर ठरली. समोर पिंपळवंडीचा तगडा संघ! आणि ऐन वेळी आमच्या संघातली संस्कृती शिंकू लागली. पाठोपाठ आणखी दोघी. कप्तान तेजस्विनीचं धाबं दणाणलं.

"थंडी बाधतीय गं! आजपास्नं सराव आतच," तिनं फर्मान काढलं.

मग काय, बंद वर्गात डोक्याला डोकं लावून साऱ्या दम घुमवू लागल्या. सर्दी कमी होईना, उलट आणखी मुली आजारी पडल्या. धडधाकट अशा सातच उरल्या. अजून एकीनं अंथरूण धरलं असतं, तर संघच बाद!

तेवढ्यात नर्स शमाताई तपासणीला आल्या आणि दारातच थबकल्या.

"आधी ती खिडकी उघडा! सर्दी विषाणूमुळं व्हतीय, नुसत्या थंडीनं न्हाई. अन् तुमी त्यालाच आत कोंडून एकमेकींच्या तोंडावर फुंकताय!"

"मंग ती थंडीतच का येती, ताई?" साळुबाईंनी कमरेवर हात ठेवले.

"तुमचंबी थोडं खरं हाय, मावशी. गार हवेत नाक गार पडतं, त्याची राखण ढिली पडती. कोरड्या हवेत विषाणूबी जास्त टिकतो. वर आपण दारं लावून दाटीवाटीनं बसतो. त्याला अजून काय पायजे?"

मग साळुबाईंनीच चिंध्या ओढून काढल्या आणि माझी दारं सताड उघडली. अहाहा! आजारी मुली घरी विश्रांतीला गेल्या. बाकीच्यांनी साबणाने हात धुतले आणि स्वेटर चढवून मैदान गाठलं. सातही जणी शाबूत राहिल्या!

काल शेवटचं मिनिट उरलं, तेव्हा गुण बरोबरीत होते. चढाई तेजस्विनीची. संस्कृतीचं नाक अजून वाहत होतं, म्हणून सामना बघायला येऊनही ती रिकाम्या वर्गात एकटीच माझ्यापाशी उभी होती. तिकडे दोघींनी तेजस्विनीचा पाय धरला. ती पालथी पडली आणि तिला रेघ कुठे तेच दिसेना.

"उजवीकडं, तेजू! हात टाक!" बसलेल्या घशानं संस्कृती गजांतून ओरडली.

तेजस्विनीनं दम न सोडता उजवा हात झोकला. बोट मधल्या रेघेला लागलं! जिंकलो, राव, जिंकलो!

साऱ्या पोरी माझ्याकडे धावत सुटल्या. "लांबूनच गं!" असं म्हणत संस्कृती हसली आणि कोपरात तोंड लपवून शिंकली.

मित्रांनो, थंडीत टोपी घाला, स्वेटर घाला, मला राग नाही. पण तुमच्या वर्गातल्या माझ्या बहिणींना चिंध्यांनी कोंडू नका. त्यांच्या बिजागरीला तेलाचा थेंब द्या आणि दार थोडं तरी उघडं ठेवा. काल मी बंद असते, तर संस्कृतीची हाक तेजस्विनीपर्यंत पोचलीच नसती.