पांढरं फडकं पडलं अन् जोडी सुटली

पोंभुर्ण्याकडच्या आमच्या गावात शंकरपट भरतो. बैलजोड्या पळतात आणि मी मायकवर बोलतो. माझ्या आवाजानं नागभीडला उभी असलेली गाडी सुटते असं लोक सांगतात. लोक म्हणजे मीच. पण यंदा घसा बसलेला, गुडघे त्याहून बसलेले. त्यात मंडळाचा अध्यक्ष धनराज सकाळीच म्हणाला, "मुखरूभाऊ, लोक मोबाईल पाहून राह्यले, तुमचं कोणी आयकत नाई. आज रंग नाई भरला तर उद्या डीजेवाल्याले मायक देतो."

मायक गेला तर माझ्याजवळ उरतं काय? खोकला.

मंचावर माझी नात दिव्यानी परीक्षेसाठी जुन्या रोमचे लॅटिन शब्द घोकत बसली होती. म्हटलं, "दे माय दोन-चार. माह्यावाले संपले."

आणि सुरू झालो. "आयका हो! रोममधे पटाच्या मैदानाले किर्कुस म्हणत, रथ हाकणाऱ्याले औरीगा. आपल्या सलीमाबाईच्या भज्याच्या दुकानाले पोपिना! हे रोमवाले लोक इथूनच गेले, वैनगंगेतून, डोंग्यात बैल घालून!"

"आबाजी, पुस्तकात असं नाई."

"पुस्तक लहान हाये, माय." पुन्हा मायकवर, "तिथी झेंडी नाई! मानकरी पांढरं फडकं टाके, त्याले माप्पा म्हणत. ते पडलं का रथ सुटले!"

एवढ्यानंच दमलो. खांद्यावरच्या पांढऱ्या दुपट्ट्यानं घाम पुसला, तर दुपट्टाच हातातून मंचाखाली पडला. तिकडं रेषेवर जोडी घेऊन उभ्या दसरूनं ती सोडली. काय पळाली! वेळ मोजणारा घड्याळवाला अजून चहा फुंकत होता.

"काऊन सोडली बे?" धनराज ओरडला.

"फडकं पडलं नं!"

धनराजनं माझ्या हातून मायक घेतला. "बस झालं, भाऊ. घरी जा." मी मंच उतरलो. खरं सांगतो, खाट आठवून थोडं बरंही वाटलं.

पुढची पाळी इसरूची, त्याची जोडी रेषेवर उभी राहिली. झेंडी पडली. इसरू हलला नाही. पुन्हा पडली. तो माझ्याकडे पाहत होता. बांधावरचे सगळेच पाहत होते, मोबाईल खिशात घालून.

"अबे, झेंडी पडली!"

"झेंडीचं सोडा, अध्यक्ष. मुखरूभाऊचं फडकं कुठी पडलं?"

धनराज खाली आला. मायक माझ्या हातात दिला, पडलेला दुपट्टा झटकून माझ्या खांद्यावर टाकला. "घ्या. दसरूलेही पुन्हा पळवू."

"किती जोड्या राह्यल्या?"

"लय."

गुडघ्यावर हात देत पुन्हा चढलो. "दिव्यानी, रोममधे म्हाताऱ्याले बसाले काही देत का?"

"सेल्ला म्हणत त्याले, आबाजी," ती म्हणाली, आणि आपली खुर्ची माझ्याकडे सरकवली.