छत्तीस नंबरची डबी

"छत्तीस नंबर काढून टाका, योगिताबेन. बंद घर एटले बंद घर," सूक्ष्मदर्शकातून डोकं वर न काढताच भूपेंद्र सर म्हणाले.

मी पेन उचललं, पण रेघ मारली नाही. सुरतेच्या लिंबायतमधल्या चाळीस घरांत त्या डब्या मी स्वतः टांगल्या होत्या. जमिनीतून रेडॉन नावाचा वायू येतो, त्याला ना रंग ना वास. तो हवेत फुटतो, त्याचे कण धुळीला चिकटून आपल्या छातीत जातात, आणि डबीतल्या फिल्मवर त्यांचे ओरखडे उठतात, ते आम्ही मोजतो. हे इतकं सगळं घसा कोरडा करून सांगितलं, की समोरची बाई शांतपणे विचारायची, "मंग डबी आमनीच का नंतर?" एकीने ती राखेने घासून उन्हात वाळत घातली. दुसरीने देव्हाऱ्यात ठेवून हळदकुंकू वाहिलं. छत्तीस नंबरच्या कलाबाईने मात्र तीन महिने डबीला बोट लावलं नव्हतं, आणि सगळ्यांत जास्त ओरखडे नेमके तिच्याच फिल्मवर निघाले.

पण तिच्या फॉर्मवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं : 'अखाजीला बारा दिवस घर बंद. बाई माहेरी.' अखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, खानदेशात लेकींनी माहेरी जायचा सण. दहा दिवसांहून जास्त बंद राहिलेलं घर हिशोबात धरायचं नाही, असा नियम. कोंडलेल्या खोलीत रेडॉन साठतो, पण तिथे श्वास घ्यायला कुणी नसतं, मग त्या आकड्याला अर्थ काय? नियम बरोबरच होता. फक्त सगळ्यांत जास्त आकड्याच्या पाच घरांत आम्ही पंप घेऊन पुन्हा जाणार होतो, आणि त्या घरांच्या भिंतीला वर झरोका पाडून मिळणार होता. रेघ मारली की कलाबाईचा झरोका गेला. तिचा खोकला मी ऐकलेला होता.

"एक दिवस द्या सर," मी म्हटलं.

"एकच. शुक्रवारी रिपोर्ट जाणार."

दुपारी कलाबाईकडे गेले. ती साड्यांचे सुटे धागे कापत बसली होती. वय साठीच्या पुढे, नवरा जाऊन वर्षं झालेली, मूलबाळ नाही. एकच खोली, फरशी ठिकठिकाणी फुटलेली, मागे अरुंद बोळापलीकडे यंत्रमागांचा कारखाना. दिवसभर त्याचा खडखडाट. रुई आत येते म्हणून खिडकीला गोणपाट ठोकलेलं. तिने हातातलं काम टाकून चहा ठेवला. मी कुठून सुरुवात करावी याचा विचार करत इकडे तिकडे पाहत होते, तेव्हा कोपऱ्यातली घागर दिसली.

नवी घागर, तिच्या गळ्याशी हळदकुंकवाची बोटं. माझी आई अमळनेरकडची. अखाजीची घागर पितरांच्या नावाने त्याच दिवशी, आपल्याच घरात भरतात, हे मला कुणी सांगायला नको. सरांनी ती दहा वेळा पाहिली असती तरी पाण्याचं भांडं म्हणून सोडून दिली असती.

"मावशी, ही घागर कधी भरली?"

"अखाजीले." बोलून गेल्यावर तिचा चहा ओतणारा हात थांबला.

"अखाजीला तू माहेरी होतीस ना?"

ती मागांच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाली, "भाऊ व्हता तवर मुराळी ये माले लेवाले. तो गया. भाचास्नी काही बलायं नही. तीन वरीस व्हयनात. गल्लीमा समद्या माहेरले जातस, अन् मी ओटावर बसू? बाया इचारतस, कलाबाई, तुले लेवाले कोनी उनं नही का?"

म्हणून तिने पिशवी भरली, दाराला कुलूप घातलं, गल्लीत सगळ्यांचा निरोप घेतला आणि रिक्षात बसली. चौकात उतरली. ऐन दुपारी गल्ली झोपल्यावर कारखान्याच्या भिंतीलगतच्या बोळातून मागच्या दाराने घरात शिरली. बारा दिवस दिवा नाही, दोन्ही दारं बंद. खोकला यायचा, तो मागांच्या आवाजात बुडून जायचा. एवढं करूनही सणाच्या दिवशी नवऱ्याच्या नावाने घागर भरायला ती चुकली नव्हती.

मला त्या भाच्यांचा संताप आला. त्याहून जास्त स्वतःचा आला. जूनमध्ये डबी काढायला आले तेव्हा मीच हसत हसत विचारलं होतं, "काय मावशी, माहेरी लाड झाले ना?" आणि तिने "व्हयनात माय" म्हटल्यावर फॉर्म भरून मोकळी झाले होते.

मी तिला सगळं खरं सांगितलं. घर रिकामं होतं म्हणून नाव कटतंय. आत कुणी होतं असं लिहिलं तर राहील. पण मग आम्ही पंप घेऊन येणार, गल्ली जमणार, चौकशा होणार. मग जरा आवाज खाली आणून म्हटलं, "नाही तर मी बाराचे नऊ करते. कुणाला कळतंय?"

"नही." कलाबाईने कप खाली ठेवला. "एक खोटं मी बोलनू, तेन्हामुये बारा दिन कोंडाई ऱ्हायनू. आते दुसरं तू नको बोलू. लिख. घरमा मी व्हतू."

मी तिथेच फॉर्मवर लिहिलं : 'घर बाहेरून बंद. आत एक व्यक्ती, बाराही दिवस.' तिने खाली आपलं नाव लिहिलं. चार अक्षरांना तिला बराच वेळ लागला.

सरांनी तो फॉर्म दोनदा वाचला. "अंदर थी? मे महिन्यात?"

"हो."

त्यांनी कारण विचारलं नाही. चष्मा पुसला आणि स्वतःच्या हाताने आकड्यापुढे बरोबरची खूण केली.

जुलैतल्या एका कोरड्या सकाळी पंप घेऊन गेलो. पंधरा मिनिटं हवा ओढायची, कण गाळणीच्या कागदावर धरायचे, आणि कागद लगेच मोजणीच्या यंत्रात घालायचा. अर्ध्या तासात त्यातले निम्मे कण विरून जातात, त्यामुळे रमतगमत जायची सोय नाही. कलाबाईच्या खोलीत प्लग एकच, त्यावर पंप लागला. यंत्र समोरच्या सुषमाच्या ओट्यावर मांडलं. बघता बघता गल्ली गोळा झाली.

"पन बंद घरं तर काढी टाकी ना तुम्ही?" सुषमाने सगळ्यांदेखत विचारलं. "मावशी तर माहेरले गयथी."

मी तोंड उघडलं. मशीनचं काहीतरी सांगून वेळ मारून नेणार होते. पण कलाबाई उंबऱ्यात येऊन उभी राहिली होती.

"नही गयथू," ती म्हणाली. "लेवाले कोनी उनं नही. लाज वाटनी म्हनीसन कुलूप लायं. बारा दिन घरमाच व्हतू."

कुणी हसलं नाही. सुषमाने मान खाली घातली. मागून कुणीतरी पोराला उगाचच रागावलं. तेवढ्यात पंप बंद झाला. मी चिमट्याने कागद उचलला आणि माणसं बाजूला सारत ओट्याकडे धावले. कागद आत सरकवून बटण दाबलं.

यंत्रावर आकडे पडू लागले. सात. एकोणीस. बेचाळीस.

कलाबाई गल्ली ओलांडून माझ्या शेजारी आली. "हाई काय मोजस ते?"

"तुझ्या घरातली हवा, मावशी."

सुषमा आतून पाट घेऊन आली आणि तिच्या पायाशी ठेवला. कलाबाई बसली नाही. तिने पदर डोक्यावर घेतला आणि आकडा थांबेपर्यंत यंत्रासमोर ताठ उभी राहिली.